राज्यशास्त्राची परिभाषा आणि बीड जिल्ह्यातील विद्यार्थी

राज्यशास्त्र हा विषय घेऊन पदवीपरीक्षेस बसणाऱ्या मुलास बीड जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की, 'मग आता राजकारणात शिरणार काय?' आणि दुसरा, 'याने नोकरी कोणती लागते?' हे प्रश्न विचारणाऱ्याच्या अज्ञानाचे द्योतक समजून त्यांची थट्टा करण्याचा प्रघात शिक्षकवर्गात आहे. भाषेच्या अभ्यासकास मात्र त्यांत थट्टेचा विषय सापडत नाही. पहिला प्रश्न शब्दार्थाचा आहे, दुसरा उपजीविकेचा आहे; आणि या दोहोंचा परस्परसंबंध सामान्यतः मानला जातो त्याहून पुष्कळच निकटचा आहे. ज्या मराठीतून हे शास्त्र जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकविले जाते, त्या मराठीचे परीक्षण केले म्हणजे तो उघड होतो.

प्रथम 'राजकारण' या शब्दाविषयी. दासबोधात राजकारणनिरूपणास स्वतंत्र समास दिलेला आहे, आणि पेशवेकालीन पत्रांत हा शब्द मसलत, वाटाघाट, संधान या अर्थांनी सर्रास येतो. खेड्यातील वडीलधारा मनुष्य तो आजही जवळजवळ त्याच अर्थाने वापरतो. 'राज्यशास्त्र' ही त्या मानाने अर्वाचीन घडण आहे, आणि तिच्या सीमा अद्यापि निश्चित झालेल्या नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या विभागाच्या नावात राज्यशास्त्राशेजारी नागरिकशास्त्र आहे, पुण्याच्या विभागाच्या नावात लोकप्रशासन आहे, आणि मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत लोकप्रशासन हा निराळाच विषय म्हणून शिकविला जातो. एवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते पुढे. प्रचलित पाठ्यपुस्तकांचा शिरस्ता असा की, पहिल्या प्रकरणात राज्यशास्त्र व राजकारण यांतील भेद क्रमांक घालून सांगावयाचा, आणि त्यानंतर राजकारण हा शब्दच पुस्तकातून हद्दपार करावयाचा. शब्दाबरोबर जिल्हाही हद्दपार होतो. ग्रामपंचायत, साखर कारखाना, बाजार समिती, जात, पाणी यांनी गजबजलेल्या प्रदेशातील मुलगा तीन वर्षे हे शास्त्र शिकतो आणि त्या शास्त्राच्या पुस्तकात त्याच्या गावचे एकही नाम किंवा क्रियापद त्यास भेटत नाही.

याचे मूळ केवळ पाठ्यपुस्तककारांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे होईल. या जिल्ह्यात सत्तेची भाषाच वारंवार बदललेली आहे. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार, तालुक्याचा तहसीलदार, त्याखाली गिरदावर, आणि गावात पटवारी, माली पटेल व पोलीस पटेल, अशी ती उतरंड होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले. त्यासाठी एक वर्ष आधीच भाषांतरसंस्था उभारली, व युरोपीय ग्रंथांचे उर्दूत रूपांतर करण्याचे काम तिने पद्धतशीर रीतीने केले. भारतीय भाषेतून आधुनिक शास्त्रे शिकविण्याचा तो पहिला मोठा प्रयोग होय, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु बीड, मोमिनाबाद, परळी या भागांतील मराठी मुलास त्या प्रयोगाचा लाभ होण्यासाठी आधी उर्दू शिकावी लागे. देशी भाषा आणि स्वभाषा या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा मराठवाड्याइतका स्पष्टपणे मराठी मुलखाच्या दुसऱ्या कोणत्याही भागास मिळाला नसेल.

१९४८ नंतर उर्दू मागे पडली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९६० साली महाराष्ट्र राज्याबरोबर भाषा संचालनालय आले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभाराच्या भाषेचे स्थान मिळाले. १९६२ साली निघालेल्या पदनाम कोशास आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटले. ती कोटी अजून सांगितली जाते. शासनाच्या परिभाषेस हसणे सोपे असते. परंतु शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून बडोद्याच्या १९३१ च्या सयाजीशासनशब्दकल्पतरूपर्यंत मराठी राज्यकर्त्यांनी हा उद्योग पुनःपुन्हा केलेला आहे, आणि प्रत्येक वेळी काही शब्द टिकले, काही वाहून गेले. जिल्हाधिकारी, विधानसभा, मुख्याधिकारी हे शब्द आज कोणासही परके वाटत नाहीत. उलट पश्चिम महाराष्ट्रातील 'मामलेदार' मागे सरला आणि मराठवाड्याचा 'तहसीलदार' राज्यभर अधिकृत झाला. म्हणजे निजामी राजवटीतील शब्दानेही महाराष्ट्र जिंकला आहे. गावपातळीवरील बदल तर अद्याप थांबलेला नाही. पटवाऱ्याचा तलाठी झाला. २०२४ साली तलाठ्याचे नामाभिधान ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले, आणि ग्रामसेवकाचे ग्रामपंचायत अधिकारी. नाव बदलल्याने अधिकाराची जाणीव बदलते काय, हा प्रबंधाचा विषय होऊ शकेल; मात्र वृद्ध शेतकरी अजून 'पटवाऱ्याकडे' जातो.

या इतिहासाचा परिणाम असा की, विद्यार्थ्याच्या कानावर पडणारी कारभाराची भाषा एक आणि पुस्तकातील शास्त्राची भाषा दुसरी, आणि या दोहोंमध्ये पूल नाही. सार्वभौमत्व या संकल्पनेचे उदाहरण घेऊ. कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात हे प्रकरण बोदँच्या १५७६ च्या ग्रंथापासून सुरू होते, १८३२ च्या ऑस्टिनपर्यंत येते, निरंकुशता, अविभाज्यता, अदेयता इत्यादी वैशिष्ट्ये सांगते आणि टीकाकारांची नावे देऊन संपते. विद्यार्थी ही वैशिष्ट्ये पाठ करतो. 'अदेयता' म्हणजे काय असे विचारल्यास तो त्याच शब्दाची संधी फोडून दाखवितो.

आता हाच विद्यार्थी ज्या भूमीवर उभा आहे तिचा वृत्तांत पाहावा. १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमाने संस्थानांवरील ब्रिटिश राजसत्तेची अधिसत्ता संपुष्टात आणली. ती संपली तर सार्वभौमत्व कोणाकडे गेले? निजामाने जून १९४७ मध्ये फर्मान काढून आपण स्वतंत्र होण्यास मोकळे आहोत अशी भूमिका घेतली. भारत सरकारची भूमिका अर्थातच निराळी होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी उभयतांत जैसे थे करार झाला. म्हणजे मूळ प्रश्न एका वर्षापुरता अनुत्तरित ठेवण्याचा उभयतांनी करार केला. पुढील ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली, तेव्हा हैदराबाद हे सनदेच्या अर्थाने 'राज्य' आहे काय हा प्रश्न आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. या सैनिकी मोहिमेस नाव मिळाले 'पोलीस ॲक्शन'. मराठवाड्यातील वृद्धांच्या बोलण्यात हा शब्द अजून याच इंग्रजी रूपात येतो. त्यातील 'पोलीस' हा शब्द निष्काळजीपणाने पडलेला नाही. सैन्य परराज्यावर जाते, पोलीस स्वतःच्या हद्दीत फिरतात. तेव्हा शब्दाच्या निवडीतच सार्वभौमत्वाचा दावा सामावलेला होता. अखेर नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने आणखी एक फर्मान काढले, आणि भारताचे संविधान हेच हैदराबादचे संविधान राहील असे जाहीर केले. फर्मान हे सार्वभौमाचे साधन. त्याच साधनाने सार्वभौमत्वाच्या दाव्याचे विसर्जन झाले. ऑस्टिनला हे प्रकरण ठाऊक असते तर त्याने ते आवडीने वापरले असते. बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याच्या पुस्तकात ते सार्वभौमत्वाच्या प्रकरणात येत नाही. आलेच तर इतिहासाच्या पेपरात, मुक्तिसंग्रामाच्या गौरवपर निबंधात येते, आणि तेथे सार्वभौमत्व हा शब्द नसतो.

सामाजिक कराराची कथा याहून निराळी नाही. हॉब्ज, लॉक, रूसो यांच्या निसर्गावस्थांची तुलना तक्त्यात मांडली जाते. वर्गात बसलेल्या मुलांपैकी कित्येकांची आईबापे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेली असतात. मुकादमाकडून घेतलेली उचल हा त्यांचा करार. त्या करारात मोजणीचे एकक 'कोयता' असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लॉकच्या सिद्धान्तात संमती देणारी व्यक्ती एकटी, स्वतंत्र, स्वतःच्या श्रमाची मालक असते. येथे श्रम करणारी स्त्री कराराच्या भाषेत स्वतंत्रपणे मोजलीच जात नाही. व्यक्ती, संमती, मालकी, बंधन या चारही संज्ञा त्या एका शब्दात तपासून घेता येतात. एखादा शिक्षक हे करीतही असेल. परंतु परीक्षेत त्यास गुण नाहीत हे तो जाणतो, आणि विद्यार्थीही जाणतो.

परिभाषेतील दुसरा दोष अधिक तांत्रिक आहे, आणि त्याची झळ थेट नोकरीस लागते. संज्ञेचा अर्थ तिच्या शेजारच्या संज्ञांनी ठरतो. मराठीत 'हक्क' आणि 'अधिकार' हे दोन शब्द आहेत. नागरिकाचा असतो तो हक्क, पदाधिकाऱ्याचा असतो तो अधिकार. मराठी संविधानात 'मूलभूत हक्क' आहेत, हिंदीत 'मूल अधिकार' आहेत. निरनिराळ्या पुस्तकांतून मजकूर उचलणाऱ्या मराठी टिपणांत हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात येतात आणि नागरिकाची मागणी व अधिकाऱ्याची सत्ता यांतील सीमारेषा पुसून जाते. 'वैधता' या शब्दाची गोष्ट अशीच. हिंदी ग्रंथांत तो शासनास मिळणाऱ्या नैतिक मान्यतेसाठी वापरला जातो. मराठीत त्यासाठी 'अधिमान्यता' हा शब्द आहे, आणि 'वैध' म्हणजे केवळ कायदेशीर. वेबरच्या विवेचनाचा सारा भर ज्या भेदावर आहे, तोच भेद शब्दांच्या या सरमिसळीत बुडतो. १९४८ च्या उन्हाळ्यातील निजामी राजवटीविषयी, तिच्याजवळ कायद्याचा आधार कितपत होता आणि मान्यता कितपत उरली होती, असे दोन प्रश्न ज्यास स्वतंत्रपणे विचारता येत नाहीत, त्याला वेबर कळला असे म्हणता येणार नाही. 'कार्यपालिका' व 'कार्यकारी मंडळ', 'निर्वाचन' व 'निवडणूक' या जोड्या तितक्या घातक नाहीत. बालकांच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम हिंदीत 'शिक्षा का अधिकार' या नावाने ओळखला जातो. मराठी कानास त्यातून मास्तरांना छडीची मुभा मिळाल्याचा भास व्हावा, हा केवळ विनोद म्हणून सोडून देता येईल.

पण परीक्षागृहात हा विनोद राहत नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे, आणि राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा तेथील वैकल्पिक विषयांपैकी एक आहे. पूर्वपरीक्षेचा प्रश्न मात्र इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत छापलेला असतो, आणि मुख्य परीक्षेतही भाषाविषय सोडल्यास तीच स्थिती आहे. म्हणजे अंबाजोगाईच्या मुलाने प्रश्न इंग्रजीत किंवा हिंदीत वाचावयाचा, मराठीत विचार करावयाचा आणि मराठीत लिहावयाचे. तीन परिभाषांमध्ये ये-जा करण्याचे हे कौशल्य त्यास कोणत्याही वर्गात शिकविले गेलेले नसते. त्याचा अनुत्तीर्ण निकाल बुद्धीच्या खात्यात लिहिला जातो. त्यातील किती वाटा परिभाषेचा, हे कोणी तपासत नाही.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत आता हाच प्रश्न उभा ठाकला आहे. २०१२ पासून तिची मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ स्वरूपाची होती. राज्यघटना व राजकारण यांस तीत महत्त्वाचे स्थान होते. पण चार पर्यायांतून एक निवडणाऱ्यास संज्ञा ओळखता आली म्हणजे पुरे, वापरता आली नाही तरी चाले. वर्णनात्मक पद्धती पुन्हा आणण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, आणि ती २०२५ च्या परीक्षेपासून लागू करण्याचे ठरले. आंदोलकांची तयारीस वेळ हवा ही मागणी वाजवी होती. जिल्ह्यातून पुण्यास गेलेला मुलगा अभ्यासिकेतील एका खुर्चीचे मासिक भाडे देतो, आणि ते पैसे पुष्कळदा उचलीतून आलेले असतात. परंतु एक गोष्ट तेथे कोणी फारशी बोलून दाखविली नाही. वस्तुनिष्ठ पद्धतीने ज्या दुर्बलतेवर पांघरूण घातले होते ती दुर्बलता पदवीच्या वर्गातच निर्माण झालेली आहे, आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीने ती जात नाही.

येथे असा आक्षेप येईल की, संस्कृतप्रचुर परिभाषाच सदोष असल्याने ती रुजत नाही; इंग्रजी शब्द तसेच घ्यावेत. हा आक्षेप मराठवाड्याच्या अनुभवास उतरत नाही. 'अनुशेष' हा शब्द पाहावा. तो संस्कृत घडणीचा आहे आणि जिभेस फारसा सोपा नाही. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीच्या निमित्ताने तो सार्वजनिक चर्चेत आला, आणि थोड्याच काळात सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष असे शब्दप्रयोग कार्यकर्त्यांच्या, पत्रकारांच्या आणि शेतकऱ्यांच्याही तोंडी झाले. १९५३ चा नागपूर करार, संविधानाचा ३७१(२) हा अनुच्छेद, १९९४ साली अस्तित्वात येऊन २०२० च्या एप्रिलअखेर मुदत संपलेले मराठवाडा विकास मंडळ, हे सारे त्या एका शब्दाभोवती गुंफले गेले. लोकांस आपल्या वाट्याचे मोजमाप करावयाचे होते. त्यांनी शब्दाची अवघड घडण निमूटपणे स्वीकारली.

याच्या उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ साली बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. साताऱ्याचा, कम्युनिस्ट पक्षाचा हा नेता या जिल्ह्याने का निवडला, हा प्रतिनिधित्वाच्या सिद्धान्तातील उत्तम प्रश्न आहे. त्यांच्या नावाशी निगडित असलेले १९४२ नंतरचे 'प्रतिसरकार' लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झाले, आणि पायांस पत्रे ठोकण्याच्या शिक्षेशी त्याचा संबंध जोडला गेला. भाषाशास्त्रात अशा प्रकारास लोकव्युत्पत्ती म्हणतात. राज्यशास्त्रात ती याहून मोलाची आहे: जे सरकार शिक्षा देऊ शकते तेच सरकार, ही व्याख्या लोकांनी उपसर्गाची मोडतोड करून सांगितली. अंबाजोगाईस ज्यांची समाधी दाखविली जाते त्या मुकुंदराजांनी वेदान्तासारखे शास्त्र मराठीत आणले, तेव्हा संज्ञा संस्कृतच ठेवल्या, पण त्या उकलण्याचा भार मराठीवर टाकला. विवेकसिंधूचा परंपरागत काल शके १११० आहे. पाठ्यपुस्तककारांस हा आदर्श फार दूरचा वाटत असेल तर नवल नाही.

उपजीविकेच्या प्रश्नाकडे परत यावयाचे तर, लोकसेवा आयोग हा एकच दरवाजा आहे अशी जी समजूत जिल्ह्यात पसरली आहे, तीही परिभाषेच्या दारिद्र्यातूनच पोसली गेली आहे. शास्त्राचे ज्ञान म्हणजे पाठ केलेले मुद्दे असे एकदा मानले, म्हणजे ते खपविण्यासाठी परीक्षेखेरीज बाजारच उरत नाही. अध्यापनासाठी नेट अथवा सेट उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या आणि भरल्या जाणाऱ्या जागा यांचे प्रमाण विषम आहे. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. वकिली आणि पत्रकारिता यांकडे काही विद्यार्थी वळतात, आणि तेथे राज्यशास्त्र उपयोगी पडते ते विवेचनाची सवय असेल तरच. परंतु विधिमंडळ सचिवालयातील प्रतिवेदक, भाषा संचालनालयातील अनुवादक, विधेयकांचे व नियमांचे मराठी मसुदे करणारे कर्मचारी, पंचायत राज्य संस्थांतील सदस्यांचे प्रशिक्षक, निवडणुकांच्या पाहणीत प्रश्नावली मराठीत बांधणारे संशोधनसहायक, या कामांचा उल्लेख महाविद्यालयांच्या मार्गदर्शन-वर्गांत क्वचितच होतो. ही सारी कामे राज्यशास्त्र आणि भाषा यांच्या सीमेवरची आहेत. हक्क व अधिकार यांतील भेद ज्याच्या हाडीमासी खिळला आहे, असाच मनुष्य तेथे लागतो.

पदव्युत्तर प्रबंधांच्या विषयांतही याचा मागमूस नाही. ग्रामपंचायती, पंचायत समित्या व जिल्हा परिषद यांच्या कार्याचे मूल्यमापन करणारे प्रबंध विपुल निघतात. त्यांचे शेवटचे प्रकरण शिफारशींचे असते आणि त्या शिफारशी एका प्रबंधातून दुसऱ्यात सुखेनैव स्थलांतर करतात. मात्र ग्रामसभेचे इतिवृत्त हा दस्तऐवज कोणी मजकूर म्हणून वाचलेला आढळत नाही. कोणता ठराव 'सर्वानुमते' म्हणून लिहिला जातो आणि कोणता 'बहुमताने'. स्त्री-सदस्याचे बोलणे तिच्या नावावर नोंदविले जाते की पतीच्या. 'चर्चा झाली' या दोन शब्दांखाली किती वाद दडपलेला असतो. आणि १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमातील, पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतरच्या परिपत्रकांतील कोणत्या संज्ञा त्या वहीपर्यंत पोहोचल्या आणि कोणत्या वाटेतच गळाल्या, हे तपासण्यास गेवराई किंवा धारूर तालुक्यातील एका गावाच्या वीस वर्षांच्या वह्या पुरेशा होतील.